मुकादम मेरेरची रोजनिशी: तुराचा दगड गिझाला कसा पोचला

पिरॅमिडचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढे अवजड दगड वर चढवले कसे? मग उतारांच्या आकृत्या येतात, तरफा येतात, आणि कुणीतरी परग्रहवासीयांपर्यंत जाऊन पोचतं. या सगळ्यात दगड पिरॅमिडच्या पायथ्याशी आला कुठून आणि आला कसा, हा प्रश्न मागेच राहतो. माझ्या मते दगड वाहण्याचं मोठं काम त्याच टप्प्यात होतं. आणि त्या टप्प्याची लेखी नोंद आज आपल्या हातात आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वी एका मुकादमाच्या तुकडीने रोजच्या रोज ठेवलेली, तारीखवार नोंद.

म्हणून इथे सगळ्या पिरॅमिडांचा आढावा न घेता एकच प्रकरण तपासू. जागा इजिप्तमधल्या तुराच्या खाणी ते गिझाचा पिरॅमिड, काळ फारोह, म्हणजे इजिप्तचा राजा, खुफू याच्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षांतला, माणसं सुमारे ४०, त्यांचा मुकादम मेरेर. काम एकच: पांढरा चुनखडक होडीत भरायचा, नदीपार न्यायचा, उतरवायचा आणि परत यायचं.

नोंद सापडली ती भलत्याच ठिकाणी

गिझाच्या पिरॅमिडची कागदपत्रं गिझाला सापडलेली नाहीत. ती सापडली लाल समुद्राच्या काठी, सुएझच्या दक्षिणेला सुमारे १२० किलोमीटरवर, वादी अल-जर्फ नावाच्या ओसाड जागी. तिथल्या टेकडीत खोदलेली लांबट दालनं १८२३ मध्ये इंग्रज अभ्यासक जॉन गार्डनर विल्किन्सनने पाहिली होती. १९५० च्या दशकात दोन फ्रेंच हौशी संशोधकांनीही तिथे पाहणी केली, पण सुएझच्या संघर्षामुळे ते काम थांबलं. पद्धतशीर उत्खनन सुरू झालं ते २०११ मध्ये, फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांच्या नेतृत्वाखाली. खडकात खोदलेली तीसेक दालनं, किनाऱ्यावर समुद्रात शिरलेला दगडी धक्का आणि पाण्याखाली दगडी नांगर असं ते सगळं होतं. खुफूच्या काळातलं हे बंदर जगातल्या आजवर सापडलेल्या सर्वांत जुन्या बंदरांपैकी आहे. होड्या सुट्या करून त्यांचे भाग त्या दालनांत ठेवायचे, तोंडावर मोठे दगड सरकवून दालन बंद करायचं, आणि पुढच्या मोहिमेला ते उघडायचं, अशी तिथली पद्धत होती.

२०१३ मध्ये त्या बंद करण्याच्या दगडांजवळच पपायरसचे, म्हणजे पाणवनस्पतीपासून बनवलेल्या त्या काळच्या कागदाचे, शेकडो तुकडे मिळाले. यापेक्षा जुना पपायरस माहीत आहे, सक्काराच्या हेमाका नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातला, पण तो कोरा होता. लिहिलेला सर्वांत जुना पपायरस म्हणजे वादी अल-जर्फचा. त्यात तारीखही आहे: गुरांच्या तेराव्या मोजणीनंतरचं वर्ष. ही मोजणी साधारण दर दोन वर्षांनी होत असे. त्या हिशोबाने खुफूच्या कारकिर्दीचं २६ वं किंवा २७ वं वर्ष येतं, म्हणजे इसवी सनपूर्व २६०० च्या आसपासचा काळ.

कागद दोन प्रकारचे आहेत. एक जमाखर्चाचे: धान्य किती यायचं होतं, किती आलं, किती बाकी आहे. दुसरे रोजनिशीचे: आज तुकडी कुठे होती, काय केलं, रात्री मुक्काम कुठे. महिना तीस दिवसांचा, दहा-दहा दिवसांचे तीन भाग, आणि प्रत्येक दिवसाला एक उभा रकाना. आपल्याकडे रोजगार हमीच्या कामावर मस्टर असतं, त्याच्या जवळची ही वस्तू. कुणाला गोष्ट सांगावी म्हणून ती लिहिलेलीच नाही. वरच्या कचेरीला हिशोब द्यायचा म्हणून लिहिलेली आहे, आणि म्हणूनच तिच्यावर भरवसा ठेवता येतो. राजाची स्तुती कोरणारा शिलालेख फुगवून बोलतो. मुकादमाने तिसऱ्या तारखेला दगड ओढले की चौथ्या, यात फुगवण्यासारखं काही नसतं.

कुठला दगड, किती लांबून

खुफूचा पिरॅमिड मुळात सुमारे १४६.६ मीटर उंच होता आणि पायथ्याची प्रत्येक बाजू सुमारे २३० मीटर. दगडांची संख्या २३ लाखांच्या आसपास मानतात, सरासरी वजन अडीच टन. कारकीर्द सत्तावीस वर्षांची धरली तर रोज सव्वादोनशेच्या वर दगड बसले पाहिजेत, म्हणजे दहा तासांच्या दिवसात दर अडीच-पावणेतीन मिनिटांना एक. हा आकडा ऐकून माणूस दबून जातो, आणि बहुतेक अद्भुत कल्पना इथूनच सुरू होतात. पण हा आकडा सगळे दगड एका पोत्यात भरून काढलेला आहे. दगड तीन जातीचे होते आणि तिन्हींचा प्रवास वेगळा होता.

गाभ्याचा बहुतेक दगड गिझाच्याच पठारावरचा. खाण पिरॅमिडच्या दक्षिणेला काहीशे मीटरवर. संख्येने हेच दगड सर्वांत जास्त, आणि त्यांचा प्रवास सर्वांत छोटा. दुसऱ्या टोकाला अस्वानचा ग्रॅनाइट. राजाच्या दफन-दालनाच्या छतावर ग्रॅनाइटच्या नऊ तुळया आहेत, आणि त्या दालनाच्या वरच्या बाजूला असलेल्या तुळयांतल्या काही पन्नास टनांच्याही पुढच्या. तो दगड नाईलच्या प्रवाहाबरोबर आठशेहून अधिक किलोमीटर आला. वजन अफाट, अंतर अफाट, पण नगांची संख्या मोजकी.

मेरेरचा दगड या दोघांच्या मधला. पिरॅमिडच्या बाहेरच्या अंगाला जो बारीक पोताचा पांढरा चुनखडक बसवला होता, तो नाईलच्या पूर्व काठावरच्या तुराच्या खाणींतून यायचा. आजच्या कैरोच्या दक्षिणेला, गिझापासून पंधरा-वीस किलोमीटरवर, नदीच्या पलीकडे. दगडाची संख्या मोठी आणि मध्ये नदी. नियोजनाची परीक्षा घेणारा दगड हाच, म्हणून हे प्रकरण मला सर्वांत जास्त शिकवणारं वाटतं.

एक खेप

रोजनिशीतला एक सलग भाग चांगला वाचता येतो. त्याचा मजकूर माझ्या शब्दांत असा. पंचविसाव्या दिवशी मेरेर आपल्या तुकडीबरोबर दक्षिण तुराला दगड ओढण्यात होता, रात्री मुक्काम तिथेच. सव्विसाव्या दिवशी दगड भरून दक्षिण तुराहून अखेत-खुफूकडे निघाला, रात्री शे-खुफूला थांबला. सत्ताविसाव्या दिवशी शे-खुफूहून निघून दगडांसह अखेत-खुफूला पोचला, मुक्काम अखेत-खुफूला. अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी तिथून सुटला आणि नदीवर उलट दिशेने दक्षिण तुराकडे गेला. एकोणतिसाव्या दिवशी दगड ओढणं. तिसाव्या दिवशी पुन्हा तेच.

अखेत-खुफू, म्हणजे 'खुफूचं क्षितिज', हे आज आपण ज्याला ग्रेट पिरॅमिड म्हणतो त्याचं मूळ नाव. शे-खुफू हा खुफूचा जलाशय. एवढ्या कोरड्या नोंदीत अवजड वाहतुकीचं सगळं चक्र आलं आहे: भरणं, जाणं, अडणं, उतरवणं, परतणं. दहा दिवसांत अशा दोन ते तीन खेपा व्हायच्या.

यात एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. भरलेली होडी प्रवाहाच्या दिशेने जात होती, कारण नाईल उत्तरेकडे वाहते आणि गिझा तुराच्या उत्तरेला आहे. तरी जायला दोन दिवस लागले. परतताना होडी प्रवाहाच्या विरुद्ध गेली, आणि ते अंतर एका दिवसात झालं. होडी रिकामी होती आणि त्या भागात वारा बहुधा उत्तरेकडून वाहतो, म्हणजे परतीला शीड कामी येतं, हे खरं. पण प्रवाहाबरोबर पंधरा-वीस किलोमीटरला दोन दिवस लागावेत, याचं उत्तर अंतरात शोधून सापडणार नाही. मधला मुक्काम जिथे पडतो ती जागा पाहा. शे-खुफूच्या तोंडाशी रो-शे-खुफू, म्हणजे 'खुफूच्या जलाशयाचं मुख', नावाचं ठाणं होतं, आणि त्याचा प्रमुख अधिकारी रोजनिशीत नावानिशी येतो: अंखहाफ. हा खुफूचा सावत्र भाऊ. त्याचा रंगवलेला अर्धपुतळा आज बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. थकलेल्या डोळ्यांचा, जाणत्या वयाचा चेहरा. राजघराण्यातला एवढा वजनदार माणूस जिथे बसवला, ती जागा या सगळ्या साखळीची मान असणार. अनेक तुकड्यांच्या होड्या एका मुखातून आत यायच्या, धक्क्यावर जागा मर्यादित, उतरवायला वेळ लागतो. मी या नोंदीचं वाचन असं करतो की भरलेली होडी तिथे आपल्या पाळीसाठी आणि नोंदणीसाठी थांबत असे. कामाचा वेग ठरायचा तो या मुखाशी. खाणीत आणखी माणसं लावून तो वाढला नसता.

पाणी आणि पंचांग

तुराच्या खेपांची ही रोजनिशी साधारण जुलै ते नोव्हेंबर या काळातली आहे. हा नाईलच्या पुराचा काळ. इथिओपियाच्या पठारावरचा पाऊस उन्हाळ्याच्या शेवटी इजिप्तमध्ये उतरायचा, पाणी शेतांवर पसरायचं, आणि काही महिने नदीची रुंदी पठारांच्या पायथ्यापर्यंत जायची. इजिप्शियन वर्षाच्या तीन ऋतूंपैकी पहिला ऋतू या पुराचाच होता.

या ऋतूचा बांधकामाला दुहेरी फायदा. शेतात पाणी असल्याने तिथली माणसं मोकळी. आणि जिथे एरवी अवजड दगड कोरड्या जमिनीवरून कित्येक किलोमीटर ओढावा लागला असता, तिथे होडी थेट जवळ येते. जमिनीवरच्या ओढकामात प्रत्येक मीटरला घाम गाळावा लागतो. पाण्यावर सत्तर-ऐंशी टन वजन प्रवाह वाहून नेतो आणि माणसांनी फक्त दिशा सांभाळायची. ताले यांच्या अंदाजाप्रमाणे मेरेरच्या होडीत मावणारं वजन तेवढंच होतं, म्हणजे अडीच टनी तीसेक दगड.

पण पूर आपोआप धक्क्यापर्यंत येत नाही. त्यासाठी कालवा आणि जलाशय खोदावा लागतो, पाणी आत घ्यावं लागतं आणि आतलं पाणी राखावं लागतं. रोजनिशीच्या एका भागात बांधाच्या कामाची नोंद आहे. हंगामाच्या सुरुवातीला पुराचं पाणी जलाशयात सोडण्याशी ते काम संबंधित असावं असं ताले मानतात. म्हणजे दगड वाहणारी माणसंच पाण्याची वाटही मोकळी करत होती.

या चित्राला वेगळ्या बाजूने आधार मिळाला तो २०२२ मध्ये. हादर शेइशा आणि सहकाऱ्यांनी गिझाच्या पूर पट्ट्यात जमिनीत खोल भोकं पाडून गाळाचे नमुने काढले आणि त्यातले परागकण तपासले. कोणत्या थरात पाणवनस्पती आहेत, कोणत्या थरात कोरड्या जमिनीवरच्या, यावरून पाण्याची जुनी पातळी कळते. नाईलचा एक फाटा, ज्याला आता खुफू फाटा म्हणतात, तेव्हा पठाराजवळून वाहत होता, आणि खुफू, खाफ्रे, मेनकौरे या गिझाला पिरॅमिड बांधणाऱ्या तिन्ही राजांच्या काळात त्यात पुरेसं पाणी होतं. पुढे तो आटत गेला. आज गिझाला उभं राहून पाहिलं तर नदी कित्येक किलोमीटर दूर दिसते, आणि मग दगड वाळवंटातून आणले असं वाटणं साहजिक आहे. बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मात्र पाणी होतं.

काठापासून होडीपर्यंत

नदी कितीही मदत करो, दोन टोकांना जमीन आहेच. खाणीतून होडीपर्यंत, आणि होडीतून पठारावर. 'दगड ओढणे' हे काम रोजनिशीत सारखं येतं, ते या पहिल्या टोकाचं.

दगड तोडण्याची रीत खाणींच्या भिंतींवरच दिसते. दगडाच्या चारही बाजूंनी तांब्याच्या छिन्नीने चर खोदायचे, मग खालून सोडवायचा. तुराला चांगला थर आत असल्याने डोंगरात शिरून दालनं काढत गेले. सुटा दगड लाकडी घसरगाडीवर चढवायचा, दोर बांधायचे, ओढायचं. चाक त्या काळच्या इजिप्तला अगदीच अनोळखी नव्हतं, पण अडीच टनांखाली मऊ जमिनीत लाकडी चाक रुततं. घसरगाडीचं वजन लांबट धावेवर पसरतं, म्हणून ती बरी.

आता थोडं गणित, कारण 'हे माणसांना शक्यच नाही' या म्हणण्याला उत्तर गणितानेच देता येतं. अडीच टनांच्या दगडाचा भार सुमारे २५,००० न्यूटन. कोरड्या वाळूवर ओढायला भाराच्या निम्मा जोर लागतो असं धरू: १२,५०० न्यूटन. एक माणूस सातत्याने ३०० न्यूटन जोर देतो असं धरलं तर चाळीसेक माणसं हवीत. म्हणजे मेरेरची सबंध तुकडी एका दगडाला. आता वाट ओली करा. २०१४ मध्ये ॲम्स्टरडॅम विद्यापीठात डॅनियल बॉन आणि सहकाऱ्यांनी प्रयोग करून दाखवलं की वाळूत योग्य प्रमाणात पाणी मिसळलं तर लागणारा जोर जवळजवळ निम्मा होतो. ओल्या वाळूचे कण एकमेकांना धरून राहतात, त्यामुळे गाडीपुढे वाळूचा ढीग साचत नाही. पाणी जास्त झालं की फायदा जातो. म्हणजे आता वीस माणसांत एक दगड, आणि तुकडी दोन दगड एकाच वेळी ओढू शकते.

खेपेसाठी दगड तीस. वीस-वीसच्या दोन जोड्यांना प्रत्येकी पंधरा. दोन दिवस हाताशी असतील, आणि वरच्या नोंदीत एकोणतीस-तीस हे दोन दिवस ओढण्याचेच आहेत, तर एका जोडीला दिवसाला सात-आठ दगड. एका दगडाला तासाहून अधिक वेळ. हे कष्टाचं काम आहे, पण माणसाच्या ताकदीच्या आतलं आहे. आणि नाईलचा चिकण गाळ वाटेवर पसरून भिजवला तर काम याहूनही हलकं होतं. कर्नाकच्या मंदिरांचं काम पाहणाऱ्या आन्री शेव्हरिए या फ्रेंच वास्तुतज्ज्ञाने ओल्या गाळाच्या वाटेवर पाच-सहा टनांचा दगड फक्त सहा माणसांकडून ओढून घेतला होता.

इजिप्शियनांनीही हे चित्रात दाखवलं आहे. देर अल-बर्शा इथल्या जेहुतिहोतेप या अधिकाऱ्याच्या थडग्यात प्रचंड पुतळा घसरगाडीवर चालला आहे, १७२ माणसं चार रांगांत दोर ओढत आहेत, आणि गाडीच्या पुढच्या टोकावर उभा राहून एक माणूस वाटेवर पाणी ओततो आहे. ते चित्र खुफूनंतर सुमारे सातशे वर्षांनंतरचं आहे, त्यामुळे त्यावरून थेट मेरेरविषयी निष्कर्ष काढायला नको. पण पूर्वी काही अभ्यासक त्या पाणी ओतण्याला निव्वळ धार्मिक विधी समजत. प्रयोगानंतर तसं समजायचं कारण राहत नाही.

एका होडीवरून सबंध आवरणाचा हिशोब

महिन्याला सहा-सात खेपा, खेपेला तीस दगड: महिन्याला दोनशेच्या आसपास. पुराचे पाच महिने धरले तर एका होडीचे हंगामात हजार दगड. ऐकायला हे थोडं वाटतं. आता ते पुऱ्या कामाशी ताडून पाहू.

दिलेल्या मापांवरून पिरॅमिडच्या चारही उतरत्या बाजूंचं क्षेत्रफळ निघतं सुमारे ८६,००० चौरस मीटर. आवरणाची जाडी सरासरी एक मीटर धरली तर ८६,००० घनमीटर दगड. एक घनमीटर चुनखडक साधारण अडीच टन, म्हणजे सोयीने एक दगड. तेव्हा ८६,००० दगड हवेत, आणि एका होडीला ८६ हंगाम लागतील.

पण मेरेर एकटा नव्हता. त्याची चाळीसची तुकडी हा एका मोठ्या टोळीचा भाग होता. टोळीत सुमारे १६० माणसं, म्हणजे अशा चार तुकड्या. टोळीला नाव होतं, खुफूचं नागचिन्ह पुढच्या टोकावर मिरवणाऱ्या एका होडीवरून पडलेलं. चारही तुकड्यांनी मेरेरच्या गतीने एकेक होडी चालवली असं धरलं तर हंगामाला चार हजार दगड, आणि काम बावीस हंगामांच्या आत. खुफूच्या कारकिर्दीत बसतं. जाडी दीडपट धरा, आतल्या मार्गांना लागलेला तुराचा दगड मिळवा, तरी दोन टोळ्या पुरतात. दोन टोळ्या म्हणजे सव्वातीनशे माणसं.

हा माझा ढोबळ हिशोब आहे, गृहीतकं वर दिली आहेत, कुणीही ती बदलून पाहावीत. पण पिरॅमिडचं सगळं पांढरंशुभ्र आवरण नदीपार आणायला काही शेकडा माणसं पुरतात, हे पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा हेरोडोटसने लिहिलेली एक लाख माणसं वेगळीच दिसायला लागतात. तो खुफूनंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी इजिप्तला गेला होता आणि त्याला जे सांगितलं ते त्याने लिहिलं. आजचे अभ्यासक एकूण मनुष्यबळ वीस-पंचवीस हजारांच्या आसपास धरतात, आणि त्यात फक्त दगड ओढणारे नाहीत. भाकरी भाजणारे, कुंभार, सुतार, दोर वळणारे, तांबं वितळवणारे, सगळे आले.

चाळीस माणसांचं जेवण

जमाखर्चाचे कागद मला रोजनिशीइतकेच महत्त्वाचे वाटतात. धान्य, भाकरीचे प्रकार, बिअर यांची आवक तिथे मांडली आहे, आणि यायला हवं ते आणि आलं ते यांतला फरकही. एका नोंदीत टोळीतला एक माणूस होडी घेऊन हेलिओपोलिस या शहराला जातो, अन्न आणायला, आणि तोवर बाकीची तुकडी तुरालाच थांबते. ही छोटी नोंद मोठं सत्य सांगते. ओढकाम करणाऱ्या माणसाला रोज भरपूर अन्न लागतं, आणि एक दिवस अन्न चुकलं की दगड जागचा हलत नाही. दगडाच्या वाहतुकीच्या मागे धान्याची वाहतूक समांतर चालू होती, त्याच होड्यांतून, त्याच लेखनिकांच्या नजरेखाली.

हे लोक गुलाम होते का, हा प्रश्न इथे येतोच. कागदांत दिसतात ती पदं असलेली, शिधा मिळणारी, राजदरबाराशी बांधलेली, टोळीच्या नावाचा अभिमान बाळगणारी माणसं. मेरेरची तुकडी कुशल होती आणि वर्षानुवर्षं एकत्र काम करत असावी असं तिच्या कामांची विविधता सांगते. गिझाच्या पठारावर १९९० मध्ये कामगारांची थडगी सापडली, ती पिरॅमिडच्या जवळच आहेत. त्यांतल्या सांगाड्यांवर कष्टाच्या खुणा आहेत आणि हाड मोडल्यावर नीट जुळवलेल्या जखमाही. मार्क लेनर यांनी खणलेल्या कामगारांच्या वस्तीत भाकरीच्या भट्ट्या आणि गुरं-मेंढ्यांची हाडं मिळाली. ती वस्ती मुख्यतः खुफूनंतरच्या खाफ्रे आणि मेनकौरे या राजांच्या काळातली, पण पोटापाण्याची व्यवस्था किती मोठी होती हे तिच्यावरून कळतं. सक्ती होती का? राजाला देणं असलेली सेवा नाकारायची मुभा फारशी नसणार. पण साखळदंडांतल्या जमावाचं चित्र या कागदांशी जुळत नाही.

उतारावर

धक्क्यावर उतरवलेला दगड पुढे पठारावर आणि मग वर चढत जायचा, पण मेरेरची नोंद तिथे थांबते, म्हणून मीही थोडक्यात सांगतो. उतार सरळ होता, वळणावळणाचा होता की दोन्हींचं मिश्रण, यावर वाद चालू आहे. उताराचा एक खरा नमुना मात्र हातात आहे. इजिप्तमधल्याच हत्नुब इथल्या अलाबास्टर या मऊ, फिकट दगडाच्या खाणीत फ्रेंच आणि इंग्रज पथकाला सापडलेला चढ २०१८ मध्ये जाहीर झाला. चढ वीस टक्क्यांहून तीव्र, दोन्ही बाजूंना पायऱ्या, आणि कडेने खांब रोवण्याची भोकं. खांबाला दोर वळसा घालून घेतला की काही माणसं दगडाच्या वर राहून ओढतात आणि काही खाली उतरत ओढतात, त्यामुळे कमी जागेत जास्त माणसांचा जोर लागतो. तो चढ निदान खुफूच्या काळातला आहे. म्हणजे तंत्र मेरेरच्या पिढीला माहीत होतं.

मग तुकडी लाल समुद्रावर कशाला गेली?

पूर ओसरल्यावर तुराच्या खेपा बंद. पण तुकडी घरी गेली नाही. दुसऱ्या एका पपायरसमध्ये तीच माणसं नाईलच्या त्रिभुज प्रदेशात काही बांधकाम करताना दिसतात. आणि पुढे ती वादी अल-जर्फला आहेत, कागदांची पेटी बरोबर घेऊन. म्हणूनच गिझाचा हिशोब दीडशे-दोनशे किलोमीटर दूर, लाल समुद्राकाठी सापडला.

त्या बंदराच्या समोर, सुएझच्या आखातापलीकडे, सिनाईचा किनारा आहे. तिथल्या डोंगरांत तांबं आणि फिरोजा. सिनाईच्या त्या किनाऱ्यावर याच काळातला दगडी गढीसारखा गोल कोट सापडला आहे, म्हणजे पलीकडेही उतरण्याची जागा तयार होती. फिरोजा दागिन्यांना, पण तांब्याची गरज खाणीत होती. तुराच्या प्रत्येक दगडाभोवतीचा चर तांब्याच्या छिन्नीने खोदलेला. तांबं मऊ असतं. छिन्नी बोथट होते, पुन्हा ठोकून धार लावावी लागते, प्रत्येक वेळी थोडी झिजते, आणि शेवटी वितळवून नवी करावी लागते. लाखो दगडांचे चर आणि पांढऱ्या आवरणाचा तासलेला प्रत्येक पृष्ठभाग यांत किती तांबं झिजलं असेल, याचा विचार केला की समुद्रापार जाणारी मोहीम बांधकामाचाच भाग ठरते.

त्यासाठी होड्या सुट्या करून नाईलच्या खोऱ्यातून पूर्वेचं वाळवंट ओलांडायचं, किनाऱ्यावर पुन्हा जोडायच्या, आखात पार करायचं, माल घेऊन परत यायचं, होड्या पुन्हा सुट्या करून दालनांत ठेवायच्या. नदीवर होडी चालवणारी, धक्क्यावर दगड उतरवणारी, बांधाचं काम करणारी आणि लेखनिकाकडे हिशोब देणारी माणसं या कामालाही योग्य होती. दगड पुराच्या महिन्यांत वाहायचा आणि उरलेल्या वर्षात तो तोडण्याच्या हत्यारांसाठी धातू आणायचा, असं या तुकडीचं वर्ष या कागदांवरून जोडता येतं. वादी अल-जर्फची मोहीम आटोपली तेव्हा दालनांची तोंडं मोठ्या चिऱ्यांनी बंद केली गेली. त्या चिऱ्यांवर लाल रंगात खुफूचं नाव आहे, आणि मेरेरच्या टोळीच्या कागदांचा गठ्ठा त्यांच्याच मध्ये राहिला.